अन्नातली विषबाधा सरकारी नियमांनी कशी रोखता येते: नमुन्यांपेक्षा प्रक्रियेवर लक्ष का हवे

प्रश्न थोडक्यात असा आहे: परवाने आहेत, निरीक्षक आहेत, प्रयोगशाळाही आहेत, तरी अन्नातून विषबाधेच्या घटना घडतच राहतात. सरकारने आणखी नमुने घेऊन ते अधिक कडकपणे तपासले तर हे थांबेल का?

नमुने वाढवून फारसे काही साधणार नाही. तयार माल तपासल्याने तो सुरक्षित होत नाही. तो बनवताना ज्या मोजक्या टप्प्यांवर जंतू मरतात, वाढतात किंवा नव्याने शिरतात, ते टप्पे ताब्यात ठेवावे लागतात. म्हणून सरकारने त्या टप्प्यांच्या मर्यादा ठरवून द्याव्यात, त्या रोज पाळल्या जातात का हे पडताळावे आणि चूक झाली की माल आणि आजारी माणसे या दोन्हींचा माग लवकर काढावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे वर्षाला ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. त्यांत १ लाख २५ हजार पाच वर्षांखालची मुले असतात. एवढ्या मोठ्या प्रश्नाला चुकीच्या जागी ताकद लावणे परवडत नाही.

नमुना तपासणी कुठे कमी पडते हे आकड्यांतून लगेच कळते. एका लॉटमधल्या दर शंभर पाकिटांपैकी एकात साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू आहे असे धरा. त्यातून ६० पाकिटे काढून प्रत्येक अचूक तपासली, तरी एकही दूषित पाकीट हाती न लागण्याची शक्यता ५५ टक्के राहते. दूषित पाकिटांचे प्रमाण हजारात एक असेल तर ही शक्यता ९४ टक्क्यांवर जाते. अशा लॉटमधले एक तरी दूषित पाकीट ९५ टक्के खात्रीने सापडायला सुमारे ३,००० पाकिटे फोडावी लागतील. हा हिशेबही दूषितपणा सगळीकडे सारखा विखुरलेला आहे असे मानून केलेला आहे. प्रत्यक्षात जंतू पुंजक्याने असतात, एका कोपऱ्यात खूप आणि बाकी ठिकाणी शून्य. शिवाय संवर्धनाच्या, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या, पद्धतीने साल्मोनेलाचा पक्का निकाल यायला काही दिवस लागतात, आणि तोवर ताजे अन्न खाऊन संपलेले असते. नमुने जरूर घ्यावेत, पण प्रक्रिया नीट चालली आहे का याची उलटतपासणी म्हणून. ‘नमुना पास झाला, म्हणजे माल सुरक्षित’ हा निष्कर्ष कोणत्याही खात्याने काढू नये.

प्रक्रिया ताब्यात ठेवण्याच्या पद्धतीला हॅसॅप (HACCP), म्हणजे धोके ओळखून कळीचे टप्पे ताब्यात ठेवणे, असे म्हणतात. १९६० च्या आसपास अमेरिकेत अंतराळवीरांसाठी अन्न बनवताना पिल्सबरी कंपनी, नासा आणि लष्करी प्रयोगशाळा यांनी ती विकसित केली, आणि तिचे कारण हेच होते: नमुने तपासून खात्री द्यायची तर तयार मालाचा बराचसा भाग तपासणीतच संपत होता. पुढे १९९३ मध्ये कोडेक्स ॲलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय मानक मंडळाने तिची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. तत्त्वे सात आहेत, पण कामाचा गाभा सोपा आहे. धोका कोणता ते ओळखा, तो ज्या टप्प्यावर रोखला जातो तो टप्पा शोधा, त्याला मोजता येईल अशी मर्यादा द्या, ती मोजत राहा, मर्यादा ओलांडली तर काय करायचे ते आधीच लिहून ठेवा, मग सगळे पडताळा आणि नोंदवा. सर्वांत जास्त गडबड ‘मर्यादा ओलांडली तर’ या भागात होते. कागदावर ‘सुधारात्मक कार्यवाही केली जाईल’ एवढेच लिहिलेले असते. कोण करणार, मालाचे काय होणार, यंत्र कोण थांबवणार याचा पत्ता नसतो. नियमात हे तपशील सक्तीने मागितले पाहिजेत.

चांगली मर्यादा कशी असते याचा नमुना म्हणजे दुधाचे पाश्चरीकरण: ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशाला १५ सेकंद. हे आकडे क्यू-ज्वराचा जंतू, कॉक्सिएला बर्नेटी, मरेल अशा बेताने ठरलेले आहेत, कारण बीजाणू (उष्णतेतही टिकणारे जंतूंचे सुप्त रूप) न बनवणाऱ्या रोगजंतूंमध्ये तो उष्णतेला विशेष दाद न देणारा आहे. नियम आकड्यापाशी थांबत नाही, हे त्याचे बलस्थान. सतत वाहणाऱ्या यंत्रात तापमान घसरले की दूध आपोआप मागे वळवणारी झडप लागते, तापमानाचा सलग आलेख ठेवावा लागतो, आणि दुधातले फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) नष्ट झाले आहे का याची चाचणी करून उष्णता खरोखर पोहोचली की नाही ते कळते. माणसाच्या लक्षावर न विसंबणारी यंत्रणा, तिची नोंद आणि स्वतंत्र पडताळा या तिन्ही गोष्टी एकाच नियमात आहेत. हवाबंद डब्यांतल्या कमी आम्लाच्या अन्नाचेही तसेच. पीएच (आम्लतेचे माप; तो जितका जास्त तितके आम्ल कमी) ४.६ च्या वर असेल तर बोट्युलिनम या घातक विष बनवणाऱ्या जंतूचे बीजाणू रुजू शकतात, म्हणून डब्याच्या सर्वांत थंड बिंदूला १२१ अंशाच्या किमान तीन मिनिटांइतकी उष्णता मिळालीच पाहिजे. तो थंड बिंदू कुठे आहे हे प्रत्येक डब्याच्या आकाराला आणि अन्नाच्या घट्टपणाला वेगळे निघते. कृती बदलून अन्न घट्ट केले तर जुने वेळापत्रक चालत नाही.

मर्यादा चुकीची ठरली किंवा पाळली गेली नाही तर काय होते ते १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात दिसले. एका साखळी उपाहारगृहातल्या खिम्याच्या टिक्क्यांमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू पसरला, ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. वॉशिंग्टन राज्याने खिम्यासाठी १५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६८ अंश सेल्सिअस, अशी मर्यादा घातली होती. त्या उपाहारगृहांत मात्र १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे ६० अंश सेल्सिअसचे जुने मान पाळले जात होते. अखंड मांसाच्या तुकड्यावर जंतू पृष्ठभागावर असतात आणि शेकताना मरतात. खिमा करताना ते आत मिसळतात, म्हणून मध्यभागाचे तापमान मोजावे लागते. पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, कच्च्या खिम्यात हा जंतू आढळला तर माल भेसळयुक्त समजला जाईल असे अमेरिकेच्या केंद्र सरकारने जाहीर केले. ‘ग्राहकाने नीट शिजवावे’ ही पळवाट बंद झाली आणि कत्तलखान्यांना आपली प्रक्रिया सुधारावी लागली. नियमाने जबाबदारी योग्य हाताकडे सरकवली की उद्योग किती वेगाने हलतो याचे हे उत्तम उदाहरण.

स्वयंपाकघरांमध्ये मात्र शिजवण्यापेक्षा थंड करणे जास्त घातक ठरते, आणि निरीक्षणात सर्वांत दुर्लक्षित टप्पाही तोच असतो. शिजवल्याने जिवंत जंतू मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स आणि बॅसिलस सीरिअस या जंतूंचे बीजाणू टिकतात. उलट उष्णतेने ते जागे होतात, आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकी जंतू तोवर नाहीसे झालेले असतात. परफ्रिन्जन्स ४३ ते ४६ अंशांच्या आसपास साधारण दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. दोन तासांत एकाचे चार हजार. म्हणूनच अमेरिकेच्या आदर्श अन्न-संहितेत दोन टप्प्यांची मर्यादा आहे: ५७ अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत, आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. पहिला टप्पा छोटा, कारण वाढीचा सर्वांत वेगवान पट्टा त्यात येतो.

हे साधायचे कसे? खोल पातेले तसेच शीतकपाटात ठेवले तर मध्यभाग दुसऱ्या दिवशी सकाळीही कोमट असू शकतो. शीतकपाट थंड वस्तू थंड ठेवण्यासाठी बनवलेले असते, गरम वस्तू गार करण्यासाठी नाही. गरम पातेल्याने शेजारचे अन्नही तापते. अन्न उथळ ट्रेमध्ये, ५ सेंटिमीटरपेक्षा कमी थरात काढावे, किंवा भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळावे. गार होईपर्यंत वर झाकण घट्ट लावू नये आणि ट्रे एकावर एक रचू नयेत. तापमान मध्यभागी मोजावे, कडेला नव्हे. दोन तासांत २१ अंश गाठले नाहीत तर लगेच ७४ अंशांपर्यंत पुन्हा तापवून लहान भागांत नव्याने गार करता येते. दुसरी मर्यादा चुकली तर मात्र टाकून द्यावे.

‘परत चांगले उकळू, म्हणजे झाले’ हा समज इथे माणसे आजारी पाडतो. बॅसिलस सीरिअसचे वांतिकारक विष आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे विष उकळण्याने जात नाही. जपानमध्ये २००० साली एका दुग्धजन्य पदार्थांच्या कारखान्यात वीज गेली, दूध कोमट अवस्थेत राहिले आणि त्यात स्टॅफिलोकॉकसचे विष तयार झाले. पुढच्या प्रक्रियेत जंतू मेले, विष पावडरमध्ये राहिले आणि ती पावडर वापरलेल्या दुधाने १३,००० हून अधिक लोक आजारी पडले. अंतिम मालात जिवंत जंतू शोधणाऱ्या चाचणीला तिथे काहीच सापडले नसते. म्हणून नियमात ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात गेलेल्या एकूण वेळेवर बंधन हवे, आणि वीज जाणे, यंत्र बंद पडणे अशा प्रसंगी अडकलेल्या मालाचे काय करायचे हे आधी ठरलेले हवे. परवाना देताना ही एक गोष्ट लेखी मागितली तरी बरेच अपघात टळतील.

लिस्टेरिया या जंतूचा स्वभाव निराळा आहे. तो शीतकपाटाच्या तापमानातही वाढतो, आणि बहुधा शिजवल्यानंतर शिरतो: कापणी यंत्राच्या फटी, जमिनीवरची गटारे, शीतयंत्रांतून ठिबकणारे पाणी, झिजलेले रबरी सील. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये तयार मांसाच्या पदार्थातून आलेल्या साथीत १,०६० रुग्णांची प्रयोगशाळेने खात्री केली आणि २१६ जण दगावले. हा आजार तिथे सक्तीने कळवण्याच्या यादीत आला तोच साथ सुरू असताना, डिसेंबर २०१७ मध्ये.

याला तोंड देण्याचे साधन म्हणजे फाये, म्हणजेच कारखान्यातल्या जागा पुसून जंतूंच्या तपासणीसाठी घेतलेले कापसाचे बोळे. अन्नाला थेट लागणारे पृष्ठभाग, त्यांच्या लगतची यंत्रे, मग खोलीतली गटारे व चाके, आणि शेवटी बाहेरचे मार्ग, अशा पट्ट्यांत जागा वाटून नियमित फाये घ्यावेत. चुकते कुठे? फाये पहाटे, स्वच्छतेनंतर लगेच घेतले जातात. तेव्हा सगळे स्वच्छच असते. उत्पादन सुरू होऊन किमान तीन तास झाल्यावर, यंत्रांच्या कंपनाने आतली घाण बाहेर आल्यावर ते घ्यायला हवेत. दुसरी चूक सरकारच्या बाजूची. गटारात लिस्टेरिया सापडल्याची नोंद दिसताच दंड ठोठावला, तर कारखाने शोधणेच थांबवतात. सापडणे हा गुन्हा मानू नये. सापडल्यावर मुळाशी न जाणे, यंत्र न उघडणे आणि तीच जागा पुन्हापुन्हा दूषित निघणे, यावर कारवाई करावी. युरोपीय संघाच्या २०७३/२००५ या नियमात, हा जंतू ज्यात वाढू शकतो अशा तयार अन्नासाठी दोन पर्याय आहेत: २५ ग्रॅममध्ये जंतू नसावा, किंवा टिकण्याच्या मुदतीअखेरपर्यंत ग्रॅममागे १०० च्या पुढे जाणार नाही हे उत्पादकाने सिद्ध करावे. पुराव्याचा भार उत्पादकावर टाकणारी ही मांडणी मला योग्य वाटते.

काही धोके कारखान्यात पोहोचण्याआधीच अडवलेले बरे. साल्मोनेलासाठी युरोपीय संघाने २००३ पासून कोंबड्यांच्या कळपांची तपासणी, लसीकरण आणि दूषित कळपातली अंडी ताजी विकण्यावर बंदी अशी साखळी उभारली. माणसांतल्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या २००४ मधल्या २ लाखांहून अधिक वरून २०१४ पर्यंत ९० हजारांच्या खाली आली. ग्राहकाला कितीही उपदेश केला असता तरी एवढी घट झाली नसती.

नोरोव्हायरस या उलटी-जुलाबाच्या विषाणूपुढे तापमानाचे नियम फारसे चालत नाहीत, कारण तो अन्नात वाढत नाही. तो आजारी कामगाराच्या हातातून येतो आणि अगदी थोडे कण पुरतात. अल्कोहोल जेल त्यावर कमकुवत. साबण आणि वाहते पाणीच लागते. उलटी-जुलाब थांबून ४८ तास होईपर्यंत अन्नाला हात लावू न देणे हा नियम अनेक ठिकाणी आहे, आणि रोजंदारी बुडत असेल तर तो मोडला जाणार हे उघड आहे. आजारपणाची पगारी रजा हा अन्नसुरक्षेचाच भाग मानून नियमात आणला पाहिजे.

आता निरीक्षणाबद्दल. सर्व आस्थापनांना वर्षातून एकदा सारखी भेट देणे म्हणजे मनुष्यबळ वाया घालवणे. जिथे अन्न शिजवून, गार करून, पुन्हा तापवून वाढले जाते, जिथे लहान मुले, वृद्ध किंवा रुग्ण जेवतात, आणि जिथे आधी दोष सापडले आहेत तिथे वारंवार जावे. बंद पाकिटे विकणाऱ्या दुकानात क्वचित. भेटीची वेळही धोक्यानुसार निवडावी. गार करण्याचा टप्पा पाहायचा तर रात्री स्वयंपाकघर बंद होताना जावे लागते, सकाळी अकराला नव्हे.

निरीक्षकाच्या पिशवीत स्वतःचा टोकदार तापमापक हवा आणि तो चुरा केलेल्या बर्फाच्या व पाण्याच्या मिश्रणात शून्य अंश दाखवतो का हे जाण्याआधी पाहिलेले हवे. आत गेल्यावर प्रथम हात धुण्याच्या बेसिनपाशी जावे: साबण आहे का, पुसायला कागद आहे का, की त्यात भांडी रचली आहेत. मग तापमानाच्या नोंदवह्या. महिनाभर प्रत्येक रकान्यात ४ अंशच लिहिलेले असेल, शाई एकच असेल, तर ती वही एका बैठकीत भरलेली आहे. खऱ्या नोंदीत चढउतार असतात, एखाद्या दिवशी ७ अंश असतात आणि समोर ‘दार उघडे राहिले, अर्ध्या तासाने ५’ असे लिहिलेले असते. अशी वही दिसली तर व्यवस्थापनावर विश्वास ठेवायला जागा आहे. यानंतर व्यवस्थापकाला बाजूला ठेवून कामगारालाच विचारावे: हे यंत्र १० अंश दाखवायला लागले तर तू काय करशील? उत्तरासाठी त्याची नजर व्यवस्थापकाकडे वळली, तर योजना कागदावरच आहे. निर्जंतुकीकरणाच्या द्रावणाची तीव्रता चाचणीपट्टीने मोजावी. क्लोरीन साधारण ५० ते १०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) पुरते, पण पृष्ठभागावर अन्नाचे कण असतील तर ते तिथेच खर्ची पडते. आधी घासून धुणे, मग द्रावण. हा क्रम बदलला की दोन्ही व्यर्थ.

नियम करणारी संस्था आणि उद्योगाची वाढ पाहणारे खाते एकच असेल तर निरीक्षकाचा हात आखडतो. मॅड काउ रोगाच्या अनुभवानंतर ब्रिटनने २००० मध्ये अन्न मानक संस्था कृषी खात्यापासून वेगळी उभी केली, ती याच कारणाने. गुणांकनाची पाटी दारावर लावणे, जसे डेन्मार्क २००१ पासून हसऱ्या चेहऱ्याच्या खुणेने करते, उपयोगी आहे. फक्त गुण देताना फुटलेली फरशी आणि कोमट अन्न यांना एकाच तराजूत तोलू नये.

एवढे करूनही उद्रेक होतील, तेव्हा वेग महत्त्वाचा. रुग्णाला लक्षणे किती वेळाने दिसली यावरून दिशा मिळते: स्टॅफिलोकॉकसच्या विषाने एक ते सहा तास, साल्मोनेलाने सहा तास ते तीन दिवस, नोरोव्हायरसने १२ ते ४८ तास, हिपॅटायटिस ए १५ ते ५० दिवस, लिस्टेरिया कधीकधी ७० दिवस. ‘शेवटचे जेवण’ दोषी धरण्याची घाई म्हणूनच चुकते. जर्मनीत २०११ च्या ई. कोलाय ओ१०४:एच४ साथीत सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांवर संशय गेला, शेतकऱ्यांचे प्रचंड नुकसान झाले, आणि शेवटी मूळ निघाले मोड आलेल्या बियांत, आणि माग पोहोचला इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. त्या साथीत ८५५ जणांना मूत्रपिंडे निकामी करणारा गुंतागुंतीचा आजार झाला आणि ५३ जण दगावले. खरे मूळ सापडले ते उपाहारगृहांच्या पावत्या आणि मालाच्या नोंदी मागे-मागे जोडत गेल्यामुळे. युरोपीय संघात ‘एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे’ अशी नोंद २००५ पासून बंधनकारक आहे. ती खरी आहे का हे तपासायला सोपी कसोटी आहे: निरीक्षकाने एक लॉट क्रमांक निवडावा आणि चार तासांत सांगायला लावावे की कच्चा माल कुठून आला, तयार माल कुणाकुणाला गेला आणि किलोंचा हिशेब जुळतो का. वजनात मोठी तफावत निघाली की नोंदी अपुऱ्या आहेत.

माल परत मागवण्याचा अधिकार सरकारकडे कायद्याने असावा, विनंतीवर सोडू नये. अमेरिकेत २००८-०९ मध्ये शेंगदाण्याच्या पदार्थांतून साल्मोनेला पसरून ७१४ जण आजारी पडल्याची नोंद झाली आणि नऊ मृत्यू त्याच्याशी जोडले गेले. तपासात कळले की दूषित निकाल हाती असूनही माल पाठवला गेला होता. कंपनीच्या मालकाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला सक्तीने माल परत मागवण्याचा व्यापक अधिकार मिळाला तो २०११ च्या कायद्याने.

आस्थापना बंद केली, तर ती पुन्हा उघडण्याच्या अटी त्याच आदेशात लिहाव्यात. शिल्लक मालाची विल्हेवाट साक्षीने झालेली असावी, यंत्रे सुटी करून धुतलेली असावीत, दूषित सापडलेल्या जागांचे लागोपाठ अनेक दिवसांचे फाये निर्दोष आलेले असावेत, आणि चूक ज्या टप्प्यावर झाली त्याची नवी मर्यादा व ती मोजणाऱ्या माणसाचे नाव लेखी दिलेले असावे. नुसती रंगरंगोटी करून, दंड भरून दार उघडू देऊ नये. उघडल्यानंतरची पहिली भेट न कळवता, आठवड्याच्या आत, आणि ज्या वेळी तो टप्पा प्रत्यक्ष चालू असतो त्याच वेळी द्यावी.